तोळामासा विरुद्ध कातरवेळ

कवितेला कुलूप लागल्याचं निरीक्षकसाहेबांना कळलं तेव्हा त्यांची दाढी अर्धीच झाली होती. मोबाइल बेसिनच्या कठड्यावर टेकवून ठेवला होता. दोनदा रेझर फिरवायचा आणि एकदा ओल्या बोटाने बघायचं, की संकेतस्थळावर टाकलेली कविता वाचून जग काय म्हणतंय. जग काहीच म्हणत नव्हतं. कवितेच्या डोक्यावर एक पिवळं कुलूप येऊन बसलं होतं आणि त्याखाली मजकूर होता: ‘धागा बंद. नियम: आपली एक कविता टाकण्याआधी इतरांच्या दोन कवितांवर प्रतिसाद द्यावेत. या सदस्याने दिलेले प्रतिसाद: “छान” आणि “छान छान”. यांना प्रतिसाद म्हणत नाहीत. — कातरवेळ, मॉडरेटर.’

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप लागलं याचं दुःख होतंच, पण ते लागलं कुणाला, हेही बघायला हवं. साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक. बाजारपेठेत त्यांची बॅग दिसली की किराणावाले आपापले काटे पुसायला घेतात. भल्याभल्यांच्या काट्यांना त्यांनी हसतहसत सील ठोकलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सील ठोकणाऱ्या माणसाला कुणीतरी बसल्या जागी, चहा-पाणीही न विचारता सील ठोकतं म्हणजे काय!

तसेच ते स्वयंपाकघरात गेले.

“अहो, एक गाल राहिलाय,” बायको म्हणाली.

“गाल गेला खड्ड्यात. मला कुलूप लावलंय.”

“तुम्हाला?”

“माझ्या कवितेला.”

बायकोने गॅस बारीक केला. संसाराला इतकी वर्षं झाली, पण हे नवीन होतं. “तुम्ही कविता करता? कशावर?”

“ते नंतर. आणि तुझ्या आईंना सांगू नकोस. आधीच त्यांचं माझ्याबद्दल फारसं बरं मत नाही.”

कविता कशावर होती हे साहेबांनी बायकोला सांगितलं नाही, पण आपल्याला सांगायला काय हरकत आहे? ती होती सासूबाईंच्या काठीवर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. तोवर या घराला स्वतःचा असा आवाज नव्हता. दोघं कामावर जायची, यायची, जेवायची, झोपायची. आवाज काय तो दारावरच्या बेलचा, आणि ती बेल साहेबांनी स्वतः बसवलेली असल्यामुळे पक्ष्यासारखी किलबिलत सुरू व्हायची आणि म्हाताऱ्याने घसा खाकरावा तशी संपायची. चार मजले ऐकू जायची. मग काठी आली. टक, जरा थांबणं, टक. सुरुवातीला साहेबांना त्याचा त्रास व्हायचा. पण एका संध्याकाळी ते घरी आले आणि टक ऐकूच येईना. साहेब बूटही न काढता तसेच पॅसेजमध्ये उभे राहिले. आतून टक ऐकू आली तेव्हा कुठे त्यांनी बुटाची नाडी सोडली. आपण घाबरलो होतो, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्याची कविता झाली.

ही गोष्ट सासूबाईंना तोंडाने सांगणं मात्र शक्य नव्हतं. सासू-जावयांचं रोजचं बोलणं ठरलेलं. “बरं वाटतंय ना?” “वाटतंय.” “चहा झाला?” “झाला.” सासूबाई समोर आल्या की साहेब वरिष्ठ तपासणीला आल्यासारखे ताठ बसायचे आणि सासूबाई उगाच चष्मा सारखा करायच्या. सासूबाईंना वाटायचं, जावयाला आपलं ओझं झालंय. जावयाला वाटायचं, यांना मी कधी पसंतच नव्हतो. शेवटी सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, की येत्या रविवारी मी माझ्या घरी जाते. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक रडली, चिडली, पण सासूबाईंनी गाडी ठरवूनही टाकली. आणि साहेबांना वाटत होतं, की त्या जाण्याआधी कविता चार लोकांनी वाचावी, बरी म्हणावी, मग ती सहज म्हणून सासूबाईंपुढे सरकवावी. चार लोकांनी तपासलेली वस्तू द्यायला संकोच वाटत नाही. हा हिशेब कुलपाने उधळला.

आता दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो, कारण ती पोटात ठेवून पुढचं सांगणं मला जमणार नाही. ‘ओळीमागून ओळ’ या कवितांच्या संकेतस्थळावरची ती खडूस मॉडरेटर कातरवेळ, जिला सगळे सदस्य पाठीमागे कात्री म्हणायचे, ती म्हणजे साहेबांच्या सासूबाई. कुलूप लावलं तेव्हा त्या पलीकडच्या खोलीत, दार लोटून, गुडघ्याचे व्यायाम करत होत्या.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. ट्रंककॉलची वेळ संपली की लाइन तोडायची, मग पलीकडे कुणी रडत असो की लग्न ठरवत असो. आणि दुसरा नियम त्याहून कडक: जोडून दिलेलं बोलणं ऐकायचं नाही. हीच शिस्त त्यांनी कवितेला लावली होती. आधी प्रतिसाद मोजायचे, मग कविता वाचायची. प्रतिसाद नसतील तर कवितेत डोकावायचंसुद्धा नाही. त्यामुळे आपल्याच काठीला आपण कुलूप घातलंय हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. ‘तोळामासा’ या आयडीमागे आपला जावई आहे हे तर स्वप्नातही आलं नसतं. लेकीला वाटायचं, आई फोनवर जुन्या मैत्रिणींशी गप्पा मारते. या वयात कविता म्हटलं तर लोक हसतील, म्हणून सासूबाईंनीही ते तसंच वाटू दिलं होतं.

साहेबांनी त्याच दिवशी ऑफिसात बसून कातरवेळ यांना अर्ज केला. ‘विषयांकित प्रकरणी सविनय सादर करण्यात येते की’ अशी सुरुवात, ‘सबब कुलूप तातडीने निष्कासित व्हावे’ असा शेवट. उत्तर आलं: ‘अर्ज मिळाला. प्रतिसाद मिळाले नाहीत.’

खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. कोर्टात त्यांना फारसं कुणी विचारत नाही, त्यामुळे जिन्यात ते सगळ्यांना सल्ला देतात. साहेबांचा चेहरा बघून त्यांनी कान टवकारले.

“‘छान’ हा प्रतिसाद नाही, असं म्हणते ती? ठीक आहे. मग ‘छान’ची व्याख्या मागा.”

“व्याख्या?”

“लेखी! प्रतिसाद म्हणजे किमान किती शब्द, हे नियमात आहे? नाही ना? मग संपलं. उद्या तुम्ही नुसतं ‘अरेरे’ म्हणालात तरी तो प्रतिसाद धरावा लागेल. सोडू नका तिला.”

साहेबांनी व्याख्या मागितली, आणि तीही जाहीर धाग्यावर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा चर्चेत. इथून पुढे प्रकरण त्यांच्या हातात राहिलं नाही. आजवर ज्यांच्या ज्यांच्या कवितांना कुलपं लागली होती ते सगळे कुठूनकुठून उगवले. ‘दुखरी नस’ नावाच्या सदस्याने लिहिलं, ‘तोळामासा, तुम्ही आमच्या मनातलं बोललात. मॉडरेटरांची कंपूबाजी आता बस्स!’ ‘भिजलेलं पान’ यांनी लिहिलं, की प्रतिसाद मागून मिळत नसतो, तो आतून यावा लागतो, आणि आमच्या आतून ‘छान’च येतं. दुपारपर्यंत चळवळीला नाव मिळालं होतं: ‘छान म्हणण्याचा हक्क’. संध्याकाळपर्यंत आंदोलन पेटलं. सदस्यांनी दिसेल त्या धाग्याखाली ‘छान’ लिहायला सुरुवात केली. एका बाईंनी मांजर वारल्याची विराणी टाकली होती, त्याखाली ‘छान’ची ही रांग! ‘तांत्रिक बिघाडामुळे संकेतस्थळ काही काळ बंद राहील, क्षमस्व’ या सूचनेखालीसुद्धा लोकांनी ‘छान छान’ लिहिलं.

साहेबांची छाती फुगली. खात्यात इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या शब्दाला इतकी माणसं कधी उभी राहिली नव्हती. काटे तपासताना ते गुणगुणायला लागले. एका किराणावाल्याचा काटा बिघडलेला असूनही त्याला त्यांनी नुसतं ‘बघा बरं का’ म्हणून सोडलं, तर तो बिचारा घाबरून नवाच काटा घेऊन आला. संकेतस्थळावर मात्र साहेबांनी मागेपुढे पाहिलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘कातरवेळ यांच्या हृदयाच्या जागी रबरी शिक्का आहे.’ कातरवेळ यांनी उलट लिहिलं, ‘दुसऱ्याचं न वाचता आपलं वाचा म्हणणाऱ्याला कवी म्हणत नाहीत, फेरीवाला म्हणतात.’ हे वाचून साहेबांचा दुपारचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी बायकोने त्यांना हळूच गाठलं. “आई रविवारी जाणार. निदान दोन शब्द तरी बोला तिच्याशी. ती काही वाघ नाही.”

म्हणून साहेब चहाचा कप घेऊन सासूबाईंसमोर जाऊन बसले. ताठ.

“आई, एक विचारू?”

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. “विचारा ना.”

“एका ठिकाणी एक अधिकारी आहे. माणूस म्हणून शून्य. नियमावर बोट ठेवून लोकांना छळतो. काय करावं अशा माणसाचं?”

कवितेचा उल्लेख साहेबांनी लाजेपोटी केला नाही. सासूबाईंना वाटलं, ऑफिसातलं काहीतरी असेल. जावई आपण होऊन काही विचारतोय याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की त्या अगदी जीव तोडून सल्ला द्यायला लागल्या.

“मुळीच ऐकून घेऊ नका त्याचं! सगळ्यांसमोर जाब विचारा. नियमाच्या आड लपणारी माणसं आतून भित्री असतात.”

“खरंय तुमचं.”

“माझ्याही ओळखीत एक आहे. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि वर चार टाळकी जमवून बोंब मारायची.”

“छे छे! अशाला सरळ हाकलून द्यायला हवं, आई. गय करू नका.”

“नाही ना करत!”

दोघंही समाधानाने उठले. साहेबांनी खोलीत जाऊन संकेतस्थळाच्या मालकांकडे मागणी केली, की कातरवेळ यांची जाहीर सुनावणी घ्या. सासूबाईंनी खोलीत जाऊन त्याच मालकांना कळवलं, की तोळामासा यांची हकालपट्टी करा. मालक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. आपल्या कवितांना हक्काचे वाचक मिळावेत म्हणून त्यांनी हे संकेतस्थळ काढलं होतं, आणि त्यांच्या कविता सोडून तिथे सगळं वाचलं जात होतं. एकाच वेळी दोन टोकांच्या तक्रारी आल्यावर त्यांनी रविवारी सकाळी ऑनलाइन सभा बोलावली. सदस्यांच्या खासगीपणासाठी कॅमेरे बंद, फक्त आवाज.

रविवार उजाडला. सासूबाईंची बॅग पलंगाशी भरून ठेवलेली. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजून गेलं होतं, काठी घसरेल म्हणून नवं बूच आणायला बायको बाहेर पडली आणि जाताना किल्ली घरातच विसरली. साहेब बेडरूमचं दार लावून बसले. कॅमेरा बंद असूनही इस्त्रीचा शर्ट, भांग नीट, कानावर हेडफोन. घराच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई दार लावून, एक्स्चेंजमध्ये बसायच्या तशा पाठ ताठ ठेवून, हेडफोन लावून बसल्या.

“आधी तोळामासा यांनी बोलावं,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

आणि तोळामासा बोलले! काय बोलले! “मित्रहो, कविता म्हणजे काही गूळ नव्हे, की आधी वजन करा आणि मग घ्या!” इथे ‘दुखरी नस’ने टाळ्या वाजवल्या. साहेबांचा आवाज चढत गेला. आयुष्यात सासूबाईंनी हजारो आवाज ऐकलेले, खोकल्यावरूनसुद्धा माणूस ओळखणाऱ्या बाई त्या. पण हा आवाज त्यांनी ओळखला नाही. ओळखणार कसा? जावई त्यांच्यासमोर कधी आवाज चढवून बोलला असेल तर ना! “बरं वाटतंय ना” एवढ्या भांडवलावर हा गडगडाट कुणाचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

“मी विचारतो,” साहेब गरजले, “या कातरवेळबाईंच्या दारावर कधी एखादी कविता येऊन उभी राहिली, तर त्या तिला दार उघडतील का?”

आणि बेल वाजली. किलबिल, किलबिल, किलबिल आणि मग घसा खाकरल्याचा खर्रर्र आवाज.

“कुणाकडे बेल वाजतेय?” डॉक्टरांनी विचारलं.

साहेब रंगात आले होते. “वाजू दे! मी विचारतो, उघडतील का दार?”

पुन्हा किलबिल. पुन्हा खर्रर्र.

“दोन बेल वाजतायत हो,” ‘भिजलेलं पान’ म्हणालं. “एक तोळामासांकडे, एक कातरवेळकडे. अगदी सेम टु सेम.”

सासूबाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. बाहेर खर्रर्र. परत लावला. आत खर्रर्र. जगात अशी खर्रर्र करणारी बेल एकच होती आणि ती कुणी बसवली होती हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी, इतक्या गदारोळात पहिल्यांदाच, तोंड उघडलं.

“अध्यक्ष, सुनावणी जरा थांबवा,” त्या म्हणाल्या. “तोळामासा यांनी आधी उठून दार उघडावं. बाहेर त्यांची बायको उभी आहे.”

हा आवाज साहेबांना हेडफोनमधून आला आणि घराच्या दुसऱ्या टोकाकडूनही आला. सभेत कुणीतरी “वा! छान!” म्हणालं, कुणाला काही कळलं नव्हतं. साहेबांनी लॅपटॉप मिटला, दार उघडलं, बायको काहीतरी बोलली ते त्यांना ऐकूच आलं नाही. कारण आतून टक, जरा थांबणं, टक असं करत सासूबाई हॉलमध्ये येत होत्या.

“रबरी शिक्का,” सासूबाई म्हणाल्या.

“फेरीवाला,” साहेब पडेल आवाजात म्हणाले.

“काय चाललंय?” बायको म्हणाली.

तिला सांगितलं गेलं. ती आधी खुर्चीवर बसली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे घरात महिनोन्‌महिने एक अक्षर नाही, आणि तिथे सगळ्या जगासमोर एकमेकांच्या झिंज्या उपटताय?”

इतक्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

साहेब गडबडले. गेली, संधी गेली! त्यांनी मोबाइल काढला आणि एका दमात, आयुष्यातलं सासूबाईंशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणाले, “आई, जाण्याआधी माझी कविता वाचा, छोटीशीच आहे, ती खरं तर तुमच्यासाठीच लिहिलीय.”

सासूबाईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. “कुलूप आहे तिला.”

“अहो, तुम्हीच लावलंय ना!”

“म्हणूनच. नियम मोडून मी कधी कुणाचं ऐकलं नाही. दोन प्रतिसाद द्या, मी कुलूप काढते.”

“आई, अगं खाली गाडी उभी आहे!” बायको ओरडली.

“मग त्यांनी लवकर लिहावं.”

साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, तिथे पंखा होता. मग मुकाट्याने खाली बसून ‘दुखरी नस’ची कविता उघडली. घाईघाईत लिहिलं: ‘भावस्पर्शी.’ सासूबाईंच्या मोबाइलवर टिंग झालं.

“कुठे स्पर्श झाला ते लिहा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा हॉर्न. बायको गॅलरीतून “आलो, आलो” म्हणून ओरडली. वकील जिन्यातून वर आले आणि “स्थगिती मागा, स्थगिती!” म्हणाले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी कविता पुन्हा वाचली. आणि गंमत अशी, की नाइलाजाने का होईना, नीट वाचल्यावर त्यांना दिसलं, की हा माणूस बायको माहेरी गेल्यावर तिच्या चपलांशी बोलतोय. चळवळीतल्या आपल्या उजव्या हाताला काय दुखतंय हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी लिहिलं. चांगल्या सात-आठ ओळी लिहिल्या. काटा तपासणाऱ्या माणसाची नजर ती, एकदा बसली की बारीकसारीक सुटत नाही. मग त्या मांजराच्या विराणीवरही लिहिलं, आणि तिच्याखालच्या ‘छान’च्या रांगेबद्दल बाईंची माफी मागितली. लिहिताना त्यांना घाम फुटला होता. ड्रायव्हर कंटाळून बॅग न्यायला वर आला आणि दारातच उभा राहिला.

टिंग. टिंग. सासूबाईंनी दोन्ही प्रतिसाद शेवटपर्यंत वाचले. मग बोटाने कुलूप काढलं आणि कविता वाचायला लागल्या. चष्मा सारखा केला नाही.

‘घरात आता एक टक असते,
मागोमाग एक माणूस असतं.
टक थांबली की मी
बुटासकट उभा राहतो.’

त्यापुढे आणखी बऱ्याच ओळी होत्या. सासूबाईंनी सगळ्या वाचल्या. परत वर जाऊन पहिल्यापासून वाचल्या. मग त्या टाइप करायला लागल्या. समोर हातभर अंतरावर बसलेल्या जावयाशी बोलायचं सोडून त्या मोबाइलवर लिहीत राहिल्या आणि साहेब आपल्या मोबाइलकडे बघत राहिले. टिंग.

‘पहिलं कडवं मनापासून आवडलं. “मागोमाग एक माणूस असतं” ही ओळ वाचताना मला थांबावं लागलं. मला वाटत होतं, या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो. दुसरं कडवं सैल आहे, तिसऱ्यात उगाच शब्द कोंबलेत. दुरुस्ती करावी लागेल. ती लिहून कळवण्यासारखी नाही, समोरासमोर बसून करावी लागेल आणि वेळ लागेल. — कातरवेळ.’

साहेबांनी ते वाचलं, खाली ठेवलं, पुन्हा उचलून वाचलं. नाक ओढलं. “किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“कविता बघता, बराच,” सासूबाई म्हणाल्या. “तिसरं कडवं तर फारच वाईट आहे.”

“आईऽ!” म्हणून बायकोने त्यांना मिठी मारली, आणि मग डोळे पुसत पिशवीतून नवं रबरी बूच काढलं. “आण इकडे काठी, बसवते.”

“थांब गं,” सासूबाई म्हणाल्या. “त्याने आवाज जाईल. आधी यांची कविता पुरी होऊ दे.”

“म्हणजे मावशी, गाडी नको?” ड्रायव्हरने दारातून विचारलं.

“नको. पण तुम्हाला उगाच थांबवलं, चहा घेऊन जा.”

ड्रायव्हरने बॅग खाली ठेवली. एवढा गोंधळ कशावरून झाला हे त्यालाही बघायचं होतं. त्याने मान पुढे करून साहेबांच्या मोबाइलवरची कविता वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, “छान आहे.”

सासू आणि जावई एकदमच त्याच्याकडे वळले.

“छान म्हणजे?” साहेब म्हणाले.

“कुठली ओळ?” सासूबाई म्हणाल्या, आणि काठीने समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. “बसा. नीट सांगा.”